सीताफळाचे डोळे, शाळूची विरी

दसरा झाला की मांजरसुंब्याच्या आसपास, बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला सीताफळाच्या पाट्या दिसू लागतात. तळाला त्याच झाडाचा पाला, वर हिरवी फळं आणि मागे डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या बाया. गाडी थांबते, भाव होतो, पाटी डिकीत जाते. पुढे पुण्या-मुंबईच्या घरात त्यातली निम्मी फळं पिकतात आणि उरलेली काळी पडून दगडासारखी कडक होतात. घेणारा म्हणतो, बीडचं सीताफळ पूर्वीसारखं राहिलं नाही. दोष फळाचा नसतो. ते फळ तोडायला अजून आठवडाभर अवकाश होता.

बीड शहरातल्या एका निवृत्त शिक्षिकेला याचा चांगलाच फटका बसला. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी एका फाट्यावरच्या दुकानातून ‘गावरान सीताफळ’ अशी पाटी लावलेले दोन क्रेट घेतले आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला लेकीकडे पाठवले. वरच्या थरात टपोरी, गुळगुळीत फळं होती. ती बागेतली होती, डोंगरातली नव्हे. खालचा माल बारीक आणि कोवळा. लेकीने फळं टिकावीत म्हणून सगळी फ्रिजमध्ये ठेवली आणि उरलीसुरलीही गेली. कच्चं सीताफळ थंडीत पिकत नाही, साल काळी पडते आणि गर तसाच राहतो. दुकानदाराने हात वर केले. पावती नव्हतीच.

बाईंनी नंतर जे केलं ते कुणीही करण्यासारखं आहे. एका जुन्या विद्यार्थिनीचं गाव डोंगराकडेला होतं. हंगामात तिच्याबरोबर त्या तिथल्या तोडणीला गेल्या, दिवसभर बायांच्या मागे फिरल्या. एक मावशी प्रत्येक फळ हातात घेऊन फिरवून बघायची आणि काही फळं तशीच झाडावर सोडून द्यायची. “बाई, ह्याचे डोळे मिटलेत अजून. हे तोडलं तर पिकायचं न्हाई.” सीताफळाच्या सालीवरचे फुगीर खवले म्हणजे डोळे. फळ तयार होऊ लागलं की दोन डोळ्यांमधली खाच रुंदावते आणि तिच्यात पिवळसर पांढरी रेघ दिसू लागते. त्याला ‘डोळे उघडले’ म्हणतात. असं फळ तोडलं तर घरात तीन-चार दिवसांत मऊ होतं. खाच अरुंद आणि गर्द हिरवी असेल, तर ते कितीही दिवस तांदळात किंवा गवतात पुरून ठेवा, काही होत नाही. म्हणून पाटी घेताना वरची दोन फळं बघून भागत नाही. तळातली दोन काढून त्यांचे डोळे बघायचे. ‘तोंडाला मोठं, तळाला बारीक’ ही भरण्याची रीत क्रेटमध्ये हमखास असते.

पण बायांना डोळे कळतात, तरी कोवळं फळ बाजारात येतं कसं? याचं कारण डोंगराच्या मालकीत आहे. बालाघाटच्या रांगांवर, धारूर, अंबाजोगाई, पाटोदा, बीडच्या बाजूला ही झाडं आपोआप वाढलेली. पाला कडू, शेळी-गुरं तोंड लावत नाहीत, पाणी घालावं लागत नाही. सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस असलेल्या आणि तोही चुकवणाऱ्या या जिल्ह्यात उघड्या माळावर हे झाड टिकलं ते त्यामुळे. मात्र बरीच झाडं गायरानात किंवा वनखात्याच्या जमिनीवर. आज मी थांबले तर उद्या दुसरी तोडून नेणार, हे प्रत्येकीला माहीत. त्यात फाट्यावरचा खरेदीदार हंगामाच्या सुरुवातीलाच गाडी लावून उभा असतो. पहिल्या मालाला भाव बरा मिळतो. आणि दिवाळीच्या सुमारास यातली कित्येक घरं ऊसतोडीला निघालेली असतात. कोयता घेऊन जाण्याआधी चार पैसे गाठीला बांधायचे, तर फळ पिकायची वाट कोण बघणार? हे समजून घेतलं की हंगामाच्या पहिल्या आठवड्यातली पाटी का टाळावी आणि दिवाळीच्या आगेमागे का घ्यावी, हे वेगळं सांगावं लागत नाही.

बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत, ‘एक जिल्हा एक उत्पादन’ म्हणून बीडच्या नावापुढे सीताफळच आहे. अंबाजोगाईला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे. एवढं सगळं असूनही रस्त्यावर घेणाऱ्याला मानांकनाचा शिक्का दिसत नाही, दिसते ती फक्त हाताने रंगवलेली पाटी. मोठं, कमी बियांचं, आठवडाभर टिकणारं जे फळ हल्ली सर्वत्र मिळतं ते बहुतेक वेळा ‘गोल्डन’, म्हणजे बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचे नवनाथ कसपटे यांनी निवडलेलं एनएमके-१ हे वाण. फळ उत्तमच आहे. लांब पाठवायचं तर तेच घ्यावं. मात्र ते बागेतलं आहे हे कळून घ्यावं. डोंगरातल्या फळाचा आकार लहान, बिया जास्त, आणि गोडी अशी की एकदा खाल्लेला माणूस विसरत नाही. दोन्हींची किंमत वेगळी असायला हवी आणि डोंगरातल्या फळाच्या नावावर बागेतलं खपवणाऱ्याला ‘कुठल्या डोंगराचं?’ एवढं विचारलं तरी पुरे. तोडणाऱ्या बाईला गावाचं, टेकडीचं नाव लगेच सांगता येतं.

गराचीही गोष्ट सांगायला हवी. महिला बचतगट आणि छोटे उद्योग गर काढून गोठवतात आणि तो वर्षभर आइस्क्रीमवाल्यांना, रबडीवाल्यांना जातो. घरगुती खरेदीदाराने गर घेताना तो खरोखर गोठलेला, दगडासारखा घट्ट आहे ना ते पाहावं. विरघळून पुन्हा गोठवलेला गर तपकिरी होतो. घरी आणल्यावर तो कधी उकळू नये, तापवला की कडवट होतो. बासुंदी गार झाल्यावरच त्यात मिसळावा. बिया लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. उवांसाठी त्यांची पूड डोक्याला लावण्याचा जुना प्रकार काही घरांत अजून चालतो. ती डोळ्यांत गेली तर गंभीर इजा होते.

सीताफळ दोन महिन्यांचं. ज्वारी मात्र बारमाही आणि तिथली फसगत वर्षभर ताटात येते. बीडमध्ये भाकरी म्हणजे रब्बीची, शाळूची. हस्ताच्या आगेमागे पेरलेली, फेब्रुवारी-मार्चात काढलेली. मालदांडी हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. त्यातलं ३५-१ हे वाण १९३०च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर निवडलं गेलं आणि अजून पेरलं जातं. परभणीच्या विद्यापीठाच्या ‘परभणी मोती’, ‘परभणी ज्योती’ या वाणांनाही शेतकऱ्यांनी जागा दिली. मोंढ्यात मात्र प्रत्येक पांढरी ज्वारी मालदांडीच्याच नावाने विकली जाते. खरिपाची संकरित ज्वारी, काढणीला पावसात सापडून काळपट झालेली, चाळून-घासून उजळ केली तर नुसत्या नजरेला फसवते.

बाईंच्या आळीत आता एक पद्धत पडली आहे. पोतं घेण्याआधी अडतीवरून दोन किलो ज्वारी आणायची, दळायची आणि भाकरी थापायची. नव्या शाळूच्या पिठाला विरी असते. कोमट पाण्यात मळलं की गोळा तुटत नाही, भाकरी परातीत फिरवताना कडा चिरत नाहीत आणि तव्यावर टम्म फुगते. जुन्या किंवा भिजून वाळलेल्या ज्वारीची विरी गेलेली असते. तिची भाकरी करायची तर उकड काढावी लागते. भाकरी जमली तरच पोतं घ्यायचं. जो अडत्या नमुन्याची दोन किलो द्यायला कुरकुरतो, त्याच्याकडून घेऊ नये. मार्च-एप्रिल हा वर्षाची ज्वारी भरण्याचा काळ, तेव्हा भावही पडलेले असतात. आणून तशीच कोठीत ओतायची नाही: दोन-तीन दिवस कडक ऊन द्यायचं, गार झाल्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून भरायची. गरम दाणा कोठीत घातला तर वाफ धरते आणि आषाढात सोंडे होतात.

तुरीचं गणित वेगळं. तूर डिसेंबर-जानेवारीत निघते. डाळ मात्र दुकानात वर्षभर एकसारखी पिवळी, चकचकीत दिसते आणि तिथेच संशय घ्यावा. घरगुती किंवा गावच्या छोट्या गिरणीवरची डाळ मळकट दिसते, काही दाण्यांना साल चिकटलेली असते, कण्या असतात. पण ती लवकर शिजते आणि वरणाला वास येतो. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या, निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये मानांकन मिळालं, त्यानंतर त्या नावाची पाकिटं ठिकठिकाणी दिसतात. नावाला भुलून पैसे मोजण्याआधी पाकिटावर उत्पादकाचं नाव, गाव आणि अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक आहे का ते वाचावं. जमलं तर त्याहून सोपं करावं: जानेवारीत ओळखीच्या शेतकऱ्याकडून अख्खी तूर घ्यावी आणि गावातल्या गिरणीवर डाळ करून घ्यावी. साधारण पाऊण हिस्सा डाळ हाती येते. चुणी-भुसा गिरणीवालाच ठेवून घेतो, नाहीतर गाई-म्हशीला जातो.

आठवडी बाजारात भाजी घेताना ‘शेतकरी’ कोण आणि सकाळी हर्राशीत माल घेऊन बसलेला व्यापारी कोण, हा प्रश्न नेहमीचा. व्यापारी वाईट असतो असं नाही. पण शेतातून आलेलं म्हणून जास्त दाम द्यायचं असेल तर ओळखता आलं पाहिजे. शेतकऱ्याच्या पुढ्यात दोन-तीनच जिनसा असतात, त्याही एकाच आकाराच्या नसतात: थोडी वांगी, थोडी गवार, चार जुड्या शेपूच्या. ज्याच्याकडे पंधरा भाज्या आहेत आणि ऐन मे महिन्यात फ्लॉवर आहे, त्याच्या शेतात ते सगळं पिकलेलं नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, त्यामुळे शेतकऱ्याला थेट ग्राहकाला विकण्यात कायद्याची अडचण उरलेली नाही. कृषी विभागाचे रानभाजी महोत्सवही ऑगस्टच्या सुमारास भरतात. कर्टुली, पाथरी, तांदुळजा, घोळ, चिवळ तिथे बघून, विचारून ओळखावी. नुसत्या वर्णनावरून माळावरचा पाला खुडून घरी आणू नये.

भाव करताना एक मर्यादा पाळावी, असं बाई आवर्जून सांगतात आणि ते पटतं. इलेक्ट्रॉनिक काटा आणि पाकीटबंद माल असलेल्या दुकानात आपण छापील किमतीला हूं की चूं करत नाही; आणि डोंगर चढून दहा किलोची पाटी उतरवणाऱ्या बाईशी मात्र वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. वजनाची शंका असेल तर जरूर विचारावं. काट्याची ठरावीक मुदतीत पडताळणी व्हायला हवी आणि तक्रार वैधमापनशास्त्र कार्यालयात करता येते. फळ कोवळं असेल तर घेऊच नये. पण फळ तयार असेल, तर मागितलेली किंमत द्यावी. रस्त्यावर अर्ध्या भावात उचललेल्या पाटीमुळेच पुढची पाटी आठवडाभर आधी तोडली जाते.

उत्पादक शोधायचा कुठे, हा प्रश्न शहरातल्या नव्या माणसाला पडतो. अंबाजोगाईला दीनदयाळ शोध संस्थानचं कृषी विज्ञान केंद्र आहे, गेवराई तालुक्यात खामगावला विद्यापीठाचं. तालुका कृषी कार्यालयातल्या आत्मा विभागाकडे शेतकरी गटांची माहिती असते, ‘उमेद’ आणि ‘माविम’कडे बचतगटांची. एकदा गट मिळाला की पहिल्या वर्षी थोडंच घ्यावं, पुढच्या वर्षी वाढवावं. ‘सेंद्रिय’ म्हणून कुणी दुप्पट भाव सांगितला तर प्रमाणपत्र मागायला लाजू नये. लहान शेतकरी थेट विकत असेल तर कायद्याने त्याला सूट आहे. अशा वेळी शेत बघायला जाऊ का, असं विचारावं. खरा शेतकरी या म्हणतो.

तेलाच्या बाबतीत एवढी सोयही हाताशी राहिलेली नाही. मराठवाड्यात पूर्वी ज्वारीच्या रानात करडईचे तास असायचेच; काटेरी पीक, कडेला असलं की गुरं आत शिरत नसत, आणि वर्षाचं तेल घरचं व्हायचं. काढणीचा त्रास आणि सोयाबीनचा रोख पैसा यांत करडई मागे पडली. लाकडी घाणे पुन्हा सुरू झाले आहेत, पण त्यांना दाणा मिळत नाही. सुटं तेल विकायला बंदी आहे, म्हणून घाण्यावर आपला दाणा समोर गाळून घेणं हाच खात्रीचा मार्ग. त्यासाठी दाणा हवा आणि दाण्यासाठी पेरा हवा. बाईंच्या आळीतल्या काही घरांनी मिळून विद्यार्थिनीच्या गावच्या शेतकऱ्याला आधीच सांगून ठेवायला सुरुवात केली आहे: आम्हाला इतकी करडई लागेल, भाव आत्ताच ठरवू. हे बोलणं भाद्रपदात, पेरणीच्या आधी व्हावं लागतं. फेब्रुवारी-मार्चात मळणी झाल्यावर विचारायला गेलं तर ज्याने पेरली त्याचीही करडई मोंढ्यात पोहोचलेली असते.