एका यंत्रात दुसरे यंत्र : जुना हिशेब वाचण्यासाठी साधन कोणते निवडावे?

धान्याच्या व्यापारात माल येतो आणि जातो. मागे राहते ती वही. तिगावच्या आमच्या पेढीवर आजोबांच्या हातच्या मोडी वह्या आहेत. मोडी जाणणारा मनुष्य मिळाला की त्या आजही वाचता येतात. परंतु २००३ ते २०१७ या काळातील आमचा हिशेब मात्र मध्यंतरी कोणासही वाचता येईना. तो कागदावर नव्हता, संगणकात होता. आणि तो संगणकच बंद पडला होता.

हा हिशेब आम्ही नागपूरहून करवून घेतलेल्या एका प्रोग्रॅममध्ये ठेवीत असू. तो विंडोज एक्सपीवर चाले, आणि यूएसबीच्या खाचेत डोंगल नावाचे लहानसे कुलूप लावल्याखेरीज उघडत नसे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा आम्ही नवा प्रोग्रॅम घेतला. जुना हिशेब जुन्या संगणकातच राहिला. पुढे त्याचा मदरबोर्ड गेला. त्याच सुमारास आमच्या आडतीवर माल घालणाऱ्या एका दिवंगत शेतकऱ्याच्या पत्नी पेढीवर आल्या. त्या म्हणाल्या, "शेठजी, तुरीचे काही पैसे तुमच्याकडे ठेवले आहेत, असे हे सांगत. कागद सापडत नाही. तुमच्या वहीत असेल तर पाहा."

'नाही' म्हणणे सोपे होते; परंतु वही न पाहता 'नाही' म्हणणे व्यापाऱ्यास शोभत नाही. "वहिनी, आठ दिवस द्या, पाहून सांगतो," असे म्हणून मी कामास लागलो. त्या आठ दिवसांत जे शिकलो ते व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपल्यामुळे अनेक पेढ्यांवर नवे संगणक येत आहेत, आणि हीच अडचण पुष्कळांपुढे उभी राहणार आहे.

जुन्या संगणकाची डिस्क शाबूत होती. तीवरील हिशेब नव्या संगणकात उतरवून घेतला. परंतु नव्या संगणकावर विंडोज ११ होती. ती केवळ ६४ बिटांचीच मिळते, आणि आमच्या कुलपाचा ३२ बिटांचा जुना ड्रायव्हर तीत चालत नाही. यावर उपाय म्हणजे आभासी यंत्र, ज्यास बाजारात व्हर्च्युअल मशीन म्हणतात.

मोठ्या गोदामात भिंत घालून एक खण वेगळा काढावा आणि त्यास स्वतंत्र दार लावावे, तसा हा प्रकार आहे. नव्या संगणकाची थोडी स्मृती आणि डिस्कवरील थोडी जागा बाजूस काढून त्यात जुनी ऑपरेटिंग सिस्टीम बसवितात. मूळ सिस्टीम ती यजमान, आत बसविलेली ती पाहुणी. आपण एका स्वतंत्र संगणकावरच चाललो आहोत, असे पाहुणीस वाटते. ही कल्पना नवी नव्हे, आय.बी.एम. कंपनीने १९७२ सालीच आपल्या मोठ्या यंत्रांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली होती. २००५-०६ च्या सुमारास इंटेल व एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच या कामाची सोय केली, तेव्हापासून हे काम साध्या संगणकावरही सुखाने होते. ही सोय पुष्कळदा बायोसमध्ये बंद असते. ती प्रथम चालू करावी.

आता निवडीचा प्रश्न. मुख्य साधने चार आहेत.

पहिले हायपर-व्ही. हे विंडोजच्या प्रो आवृत्तीत अंतर्भूत असते, होम आवृत्तीत नसते. निराळे पैसे पडत नाहीत म्हणून मी प्रथम हेच घेतले आणि एक दिवस फुकट घालविला. कारण यजमानास लावलेले यूएसबी कुलूप ते पाहुणीस सरळ देत नाही. दोष साधनाचा नव्हता. माझी गरज काय, हे मी आधी पाहिले नव्हते.

दुसरे ओरॅकल कंपनीचे व्हर्च्युअलबॉक्स. याचे मूळ पॅकेज मुक्त परवान्याचे असून दुकानातही विनामूल्य वापरता येते. मात्र त्यास जोडावयाचा एक्स्टेन्शन पॅक केवळ खासगी वापरास व शिक्षणास मोफत आहे. व्यापारी कामास त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो.

तिसरे व्हीएमवेअर वर्कस्टेशन. हे १९९९ पासून बाजारात आहे व कामास चोख आहे. २०२३ साली ही कंपनी ब्रॉडकॉमने घेतली. पूर्वी विकत घ्यावी लागणारी प्रो आवृत्ती मे २०२४ मध्ये खासगी वापरास आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये व्यापारी वापरासही मोफत झाली. अटी बदलल्या त्या आपल्या हिताच्या झाल्या. परंतु त्या बदलू शकतात, हे ध्यानात ठेवावे.

चौथे लिनक्सवरील केव्हीएम. २००७ पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे. ज्यांच्या पेढीवर लिनक्स आहे त्यांनी दुसरे शोधू नये. इतरांनी केवळ यासाठी यजमान बदलू नये.

ज्यांचा हिशेब त्याहूनही जुन्या डॉसच्या प्रोग्रॅममध्ये आहे, त्यांस बहुधा एवढा खटाटोप लागणार नाही. डॉसबॉक्स नावाच्या छोट्या साधनात पुष्कळ प्रोग्रॅम उघडतात. मात्र ते मुख्यत्वे खेळांसाठी केलेले असल्याने त्यावर वाचावे, नव्या नोंदी करू नयेत.

तात्पर्य, साधन निवडण्यापूर्वी स्वतःस पाच प्रश्न विचारावेत. पाहुणी कोणती? यजमान कोणता? कुलूप व छपाई लागते काय? परवाना व्यापारास चालतो काय? आणि उद्या हे साधन सोडावयाचे झाल्यास हिशेब बाहेर काढण्याची वाट आहे काय? या पाचव्या प्रश्नाकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते. माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा.

या कसोटीस लावून मी व्हर्च्युअलबॉक्स घेतले. त्याने कुलूप पाहुणीच्या हाती दिले, आणि त्यात बसविलेले यंत्र इतर साधनांत नेता येईल अशा स्वरूपात बाहेरही काढता येते. आठ जीबी स्मृतीच्या संगणकात एक्सपीस एक जीबी दिली, ती पुरून उरली. एक्सपीची विकत घेतलेली मूळ तबकडी व किल्ली आमच्याजवळ होती, हे येथे सांगणे अगत्याचे आहे. साधन फुकट मिळाले म्हणून आत बसविलेली सिस्टीम फुकट होत नाही; तिचा परवाना निराळा लागतो.

तीन गोष्टींची सावधगिरी बाळगावी. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. म्हणून पाहुणीस इंटरनेट मुळीच देऊ नये. दुसरे, या साधनांत स्नॅपशॉट नावाची सोय असते. ती म्हणजे प्रत नव्हे. डिस्क गेली की तीही जाते. खरी प्रत निराळ्या डिस्कवर, निराळ्या जागी ठेवावी. तिसरे, जीएसटीच्या कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. परंतु देण्याघेण्याचा विश्वास ७२ महिन्यांनी संपत नाही. म्हणून आभासी यंत्रास कायमचे घर न मानता धर्मशाळा मानावे. ते चालू आहे तोवर संपूर्ण खतावणी पीडीएफमध्ये उतरवावी आणि महत्त्वाची पाने कागदावर छापून घ्यावी. आमच्या मुनीमजींनी हे काम तीन आठवड्यांत पुरे केले.

सातव्या दिवशी प्रोग्रॅम उघडला. खतावणीत त्या शेतकऱ्याच्या नावे २०११ सालच्या तुरीची रक्कम जमा बाजूस उभी होती. वहिनींना बोलावून ती व्याजासह चुकती केली व पावती घेतली. त्या म्हणाल्या, "हे खोटे बोलत नव्हते." तो उतारा मी छापून आजोबांच्या मोडी वह्यांशेजारी ठेवला आहे.