एकट्याला का पळता येत नाही?

प्रश्न : माझा नातू इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत त्याचा मावसभाऊ राहायला आला की दोघं टीव्हीला यंत्र जोडून एक गेम लावतात. दोन कैद्यांनी तुरुंगातून पळायचं, असा तो खेळ. पडदा मधोमध चिरलेला, एकेका बाजूला एकेक कैदी. रात्री अकरा वाजता ‘थांब, थांब, थांब... हां, चल!’ असा आरडाओरडा. परवा मावसभाऊ गावी गेला, तर नातू टीव्ही बंद करून बसला. एकट्यानं खेळ म्हटलं, तर ‘तो एकट्यानं सुरूच होत नाही’ म्हणाला. बुद्धिबळसुद्धा संगणकाशी खेळता येतं, मग यालाच काय झालं? आणि पकडला जातो एक, पण पुन्हा सुरुवात दोघांना का करावी लागते?
– एक आजोबा, मिरज

उत्तर : तुमच्या वर्णनावरून हा खेळ ‘अ वे आउट’ असावा. स्वीडनच्या हेझलाइट स्टुडिओनं तो मार्च २०१८ मध्ये आणला. गोष्ट आहे १९७२ सालच्या अमेरिकेतली. लिओ हा तापट कैदी आधीपासून आत आहे, आणि सबुरीनं घेणारा व्हिन्सेंट नुकताच आलाय. दोघांचा राग एकाच माणसावर, म्हणून दोघांनाही बाहेर पडायचंय.

नातू खरं बोलला. या खेळात एकट्यासाठी सोयच ठेवलेली नाही. आपला समज असा असतो की व्हिडिओ गेम मुळात एकट्याचा, आणि दुसरा खेळाडू म्हणजे लग्नातला धाकटा दीर. असला तर मजा, नसला तरी कार्य अडत नाही. बऱ्याच खेळांत तसं असतंही. दुसरा कोणी नसेल तर संगणकच जोडीदार होतो. इथे ते मुद्दाम टाळलंय, आणि का टाळलंय हे कोठडीतला प्रसंग पाहिला की लगेच कळतं.

लिओ आणि व्हिन्सेंट शेजारशेजारच्या कोठड्यांत आहेत. संडासाच्या भांड्यामागची भिंत पोखरायची आहे. छिन्नी दोघांत एकच. एक जण भिंतीशी खाली बसून खरवडतो, तेव्हा दुसरा गजांशी उभा राहून पहारेकऱ्यावर नजर ठेवतो. पहारेकरी जवळ आला की खरवडणाऱ्यानं काम टाकून साळसूदपणे उभं राहायचं. पुढे छिन्नी पलीकडे पोचवायची आणि कामांची अदलाबदल करायची.

आता पहाऱ्याचं काम संगणकाला दिलं असतं तर? संगणकाला पहारेकरी कधी वळणार हे आधीच ठाऊक असतं, कारण त्याला चालवणाराही तोच. म्हणजे इशारा दर वेळी अचूक मिळणार, आणि धाकधूक संपणार. बरं, संगणकानं मुद्दाम चुका करायच्या ठरवल्या, तर खेळणारा वैतागून म्हणणार, ‘या ठोकळ्यामुळे पकडलो गेलो.’ मावसभावानं चूक केली तर मात्र तो ठोकळा नसतो. त्याच्याशी भांडता येतं, आणि पुढच्या वेळी तो सुधारेल अशी आशाही असते. बुद्धिबळात समोरचा शत्रू असतो, म्हणून संगणक चालतो. पळून जाताना साथीदार लागतो, आणि साथीदारावर भरवसा टाकावा लागतो. यंत्रावर टाकतो तो भरवसा वेगळा, मावसभावावर टाकतो तो वेगळा.

आरडाओरड्याचं कारणही इथेच आहे. तुम्ही म्हणाल, पडदा चिरलेला असला तरी दोन्ही अर्धी दोघांना दिसतात, मग ओरडायचं कशाला? पण पडदा एक असला तरी नजर एकाच ठिकाणी राहते. खरवडणाऱ्याचे डोळे भिंतीवर आणि बोटं बटणांवर. शेजारच्या अर्ध्यात पहारेकरी कुठे पोचलाय हे त्याला बघितलं तर दिसेल, पण तो बघत नाही. तेव्हा ‘थांब’ हा शब्द म्हणजे खेळाचाच एक भाग, फक्त तो यंत्रात न बसवता मुलांच्या तोंडात ठेवलाय. तोंडावर हात ठेवून खेळायला सांगून बघा, दोघं लगेच पकडले जातील.

पुढचा एक टप्पा तर निव्वळ तालाचा आहे. अरुंद उभ्या बोगद्यात दोघं पाठीला पाठ टेकवून, पाय समोरच्या भिंतींना रेटत वर चढतात. दोघांनी बटण एकदमच दाबायचं. एकानं घाई केली की दोघांचाही तोल जातो. मल्लखांबाच्या जोड्या पाहिल्या असतील तर हे वेगळं समजवायला नको.

यातूनच तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर मिळतं. एक पकडला गेला तर दुसरा एकटा पुढे जाऊन करणार काय? पुढचं प्रत्येक दार दोघांसाठीच बांधलंय. एकाला मागे ठेवून दुसऱ्याला पुढे सोडलं, तर दोघंही अडकून पडतील. म्हणून खेळ दोघांनाही शेवटच्या खुणेपाशी परत नेतो. ती खूण बहुधा जवळचीच असते, अगदी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. तेव्हा याला शिक्षा म्हणू नका, सोय म्हणा.

एकानंच दोन्ही कंट्रोलर धरले तर? हा विचार खेळाच्या कर्त्याचा आधीच करून झालाय. हा कर्ता जोसेफ फारेस मूळचा बैरूतचा, लहानपणी स्वीडनला गेलेला आणि आधी चित्रपट दिग्दर्शक. त्याच्या ‘ब्रदर्स’ या २०१३ च्या खेळात दोन भावांना एकच माणूस चालवतो, डाव्या अंगठ्यानं थोरला आणि उजव्यानं धाकटा. डोकं एक आणि हात दोन, अशी ती कसरत. नंतरच्या खेळात त्यानं डोकीच दोन केली. जाता जाता सांगतो, लिओला आवाज आणि चेहरा देणारा फारेस फारेस हा त्याचा सख्खा भाऊ.

आता कोणी म्हणेल, खऱ्या तुरुंगातून माणूस गुपचूप एकटाच पळत असेल, ही जोडीची भानगड खेळापुरतीच. तसं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या अल्काट्राझ बेटावरच्या तुरुंगातून ११ जून १९६२ च्या रात्री फ्रँक मॉरिस आणि जॉन व क्लॅरेन्स हे अँग्लिन बंधू निसटले. त्यांनीही कोठडीची मागची भिंतच पोखरली होती, चमच्यांसारख्या हत्यारांनी, आणि त्या भिंतीमागे नळांसाठी सोडलेली पहारा नसलेली अरुंद वाट होती. कोठड्यांच्या वर त्यांनी चोरटा कारखाना थाटला, तिथे पन्नासहून अधिक रेनकोट जोडून तराफा केला आणि पहाऱ्यावर आळीपाळीनं नजर ठेवली. त्यासाठी चक्क घरगुती पेरिस्कोप बनवला होता! तुमच्या टीव्हीवरच्या चिरलेल्या पडद्याचं काम त्या पेरिस्कोपनं केलं.

बिछान्यात त्यांनी खोटी डोकी ठेवली होती, न्हाव्याच्या दुकानातले खरे केस चिकटवलेली. हे वाचताना आपल्याला शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका आठवणारच. १६६६ मध्ये महाराजांच्या पलंगावर पांघरूण घेऊन हिरोजी फर्जंद झोपला, असं बखरी सांगतात. तिथे डोकं मात्र जिवंत माणसाचं होतं, आणि जोखीमही त्याचीच.

अल्काट्राझच्या बेतात चौथा गडी होता, ॲलन वेस्ट. त्याचं भोक वेळेत मोठं झालं नाही, आणि बाकीचे त्याला सोडून गेले. तपासकऱ्यांना मग बेताची बरीचशी माहिती त्याच्याकडूनच मिळाली. पुढे गेलेल्या तिघांचं काय झालं, हे आजवर सिद्ध झालेलं नाही.

राहिला नातवाचा प्रश्न. मावसभाऊ गावी गेला म्हणून खेळ बंद ठेवायची गरज नाही. इंटरनेटवरून दोन घरांत बसून खेळता येतं, आणि एकानं प्रत विकत घेतलेली असली की दुसऱ्याला फुकट सामील होता येतं. यंत्र मात्र दोघांकडे एकाच जातीचं हवं. तिथेही पडदा असाच चिरलेला राहतो, म्हणजे जोडीदार काय करतोय ते दिसत राहतं. मारामारी आणि शिवीगाळ भरपूर असल्यानं अमेरिकेत हा खेळ १७ वर्षांपुढच्यांसाठी ठरवलाय, तेव्हा घरात धाकटी नातवंडं असतील तर त्यांना झोपवून मगच लावायला सांगा.

आणि मावसभावाकडचं इंटरनेट रडकं असेल, तर दुसरा कंट्रोलर घरात रिकामा पडलाच आहे. छिन्नी नातवाकडे राहू द्या. तुम्ही पहाऱ्याचं काम मागून घ्या.