एक कट, दोन न्यायालयं

प्रश्न : इंग्रजी सिनेमात पोलिस बेड्या घालता घालता आरोपीला सांगतो, ‘तुला गप्प बसण्याचा हक्क आहे.’ पुढे बारा साधी माणसं बसून निकाल देतात. आमच्या घोटीच्या पोलिस ठाण्यात असलं वाक्य कुणी ऐकलेलं नाही आणि कोर्टात बारा माणसंही दिसत नाहीत. अमेरिकेत आरोपीचे लाड जास्त होतात, की आपला कायदाच अपुरा आहे? – एक वाचक, घोटी बुद्रुक

उत्तर : लाड तिकडेही होत नाहीत आणि आपला कायदाही अपुरा नाही. कागदावरचे हक्क दोन्हीकडे बरेचसे सारखे आहेत. खरा फरक आहे तो निकाल कोण देतो आणि मुळात खटला उभा राहतो का, या दोन गोष्टींत. पण आधी त्या वाक्याकडे वळू.

१९६३ साली ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात अर्नेस्टो मिरांडा नावाच्या तरुणाला अपहरण आणि बलात्काराच्या संशयावरून पकडलं. दोन तासांच्या चौकशीनंतर त्याने कबुलीजबाबावर सही केली. वकील मागता येतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. १९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती कबुली बाद ठरवली आणि पोलिसांवर बंधन घातलं : कोठडीतल्या माणसाला प्रश्न विचारण्याआधी त्याचे हक्क सांगा. गप्प राहता येतं, बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल, वकील मिळेल आणि पैसे नसतील तर सरकार देईल. मिरांडा मात्र सुटला नाही. कबुली बाजूला ठेवून खटला पुन्हा चालला आणि तो इतर पुराव्यावर दोषी ठरला. लाड म्हणतात ते इतकेच.

आपल्याकडे हे वाक्य म्हणण्याची सक्ती नसली तरी हक्क आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही. अनुच्छेद २२ नुसार त्याला अटकेचं कारण सांगावं लागतं, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. एका बाबतीत तर आपण अमेरिकेपेक्षा कडक आहोत. तिकडे हक्क सांगितल्यावर आरोपीने पोलिसांपुढे स्वेच्छेने दिलेली कबुली ज्युरीला वाचून दाखवता येते. चौकशीत पोलिसांनी ‘तुझा साथीदार सगळं बोललाय’ असं खोटं सांगितलं, तरी तेवढ्याने ती बाद होत नाही. आपल्याकडे पोलिसासमोरची कबुली पुरावा म्हणून चालतच नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम २३ झालं. कबुलीतून वस्तू सापडली तर तेवढाच भाग चालतो. म्हणून पोलिस दोन पंच घेऊन निवेदन पंचनामा करतात आणि आरोपीच्या मागे मुद्देमाल काढायला निघतात. मोठा अपवाद मोक्काचा, म्हणजे महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याचा : तिथे पोलिस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली ग्राह्य धरता येते.

घोटीतून नाशिकपर्यंत

आता प्रश्न घोटीचा आहे तर उदाहरणही इथलंच घेऊ. समजा, मुंबई-आग्रा महामार्गावर रात्री पाच जणांनी ट्रक अडवून चालकाला लुटलं. चौघे असते तर ती जबरी चोरी. पाचवा आला की कायद्याच्या लेखी दरोडा, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. घोटी पोलिस ठाण्यात गुन्हा दाखल होईल. पकडलेल्यांना चोवीस तासांच्या आत इगतपुरीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे न्यावं लागेल. (अमेरिकेत न्यायाधीशाने अटकेचा आधार तपासायला साधारण अठ्ठेचाळीस तासांची मुभा आहे.) तिथे सरकारी वकील पोलिस कोठडी मागतील, आरोपीचे वकील विरोध करतील. कोठडी संपली की रवानगी नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात. नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही आणि आरोपीने अर्ज करून जामीन दिला, तर त्याला सोडावंच लागतं. दरोडा फक्त सत्र न्यायालयात चालतो, म्हणून खटला नाशिकला जाईल. तिथे एकच न्यायाधीश साक्षी ऐकतील आणि दोषी का किंवा निर्दोष का, हे कारणांसह लिहून देतील.

हाच गुन्हा अमेरिकेत घडला तर पहिला प्रश्न येईल : कुठल्या राज्यात? आपल्याकडे इगतपुरीपासून इंफाळपर्यंत एकच न्याय संहिता आहे. तिकडे पन्नास राज्यांचे पन्नास फौजदारी कायदे आणि वर केंद्राचा वेगळा. खटला भरायचा की नाही आणि कोणते आरोप लावायचे, हे ठरवतो जिल्ह्याचा सरकारी वकील. बहुतेक राज्यांत तो चक्क निवडणुकीत मतं मागून येतो. चौकशीसाठी आरोपी आमच्या ताब्यात द्या, अशी पोलिस कोठडी मागण्याची पद्धत तिकडे नाही. जामिनासाठी मात्र बऱ्याच राज्यांत रोख रक्कम लागते. ती नसेल तर जामिनाचा धंदा करणारा दलाल साधारण दहा टक्के घेऊन हमी देतो. हे दहा टक्के निर्दोष सुटल्यावरही परत मिळत नाहीत.

ती बारा माणसं

ज्युरी आपल्याला परकी नाही. १९०८ साली लोकमान्य टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला मुंबई उच्च न्यायालयात ज्युरीपुढेच चालला. नऊ ज्युरर होते, सात युरोपियन आणि दोन पारशी. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. तो खटला मात्र खास कायद्याखाली तीन न्यायमूर्तींपुढे, ज्युरीविना चालवला गेला. सरकारला जेव्हा धोका पत्करायचा नव्हता, तेव्हा ज्युरी गायब झाली.

त्याच मुंबईत १९५९ मध्ये नौदलाचे कमांडर नानावटी यांना खुनाच्या खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना हा निकाल पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. या खटल्यामुळेच ज्युरी बंद झाली, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. विधी आयोगाने १९५८ मध्येच ज्युरी रद्द करण्याची शिफारस केली होती आणि अनेक भागांत ती आधीच मोडीत निघाली होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तिला जागाच ठेवली नाही.

अमेरिकेत टिळक आणि नानावटी यांच्या या दोन्ही शिक्षा टिकल्या नसत्या. आज तिथे गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायला ज्युरीचं एकमत लागतं. एक ज्युरर अडला तरी शिक्षा नाही, म्हणजे सात-दोन मतांवर टिळक दोषी ठरले नसते. दुसरीकडे, ज्युरीने एकदा निर्दोष म्हटलं की सरकारला अपीलच नाही, म्हणजे नानावटी पहिल्याच दिवशी कायमचे मोकळे झाले असते. आपल्याकडे निर्दोष निकालाविरुद्ध सरकार वर जाऊ शकतं. अमेरिकेतली ज्युरी आपल्या निकालाची कारणं देत नाही, आपल्या न्यायाधीशाला ती द्यावीच लागतात. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक होऊन नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसांनाही ज्युरीसाठी टपालाने बोलावणं येतं. ग्रीनकार्डवर असलेल्याला ते काम करता येत नाही.

सौदा

सिनेमात न दिसणारी गोष्ट आता सांगतो. अमेरिकेतली बारा माणसं बहुतेक वेळा बसतच नाहीत. केंद्रीय न्यायालयांत आरोप ठेवलेल्या लोकांपैकी सुमारे नव्वद टक्के स्वतःच गुन्हा मान्य करतात. खटला चालून निकाल लागतो तो शंभरात दोन-तीन जणांचा. सरकारी वकील म्हणतो, खटला लढलास आणि हरलास तर वीस वर्षं, आत्ता कबूल केलंस तर पाच. मग पुष्कळ जण सही करतात, आणि त्यांत खरोखर निर्दोष असलेलेही असतात.

या सौद्याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याचा एकच कट दोन देशांच्या न्यायालयांत तपासला गेला. आर्थर रोड कारागृहातल्या विशेष न्यायालयात जिवंत पकडलेला हल्लेखोर कसाब याने जुलै २००९ मध्ये, खटला अर्ध्यावर असताना, गुन्हा कबूल करतो असं सांगितलं. न्यायाधीश ताहिलियानी यांनी तेवढ्यावर फाईल मिटवली नाही. कबुली अपुरी होती, खटला पुढे चालू राहिला. मे २०१० मध्ये दीड हजारांहून जास्त पानांचा निकाल आला. कसाबला फाशी सुनावली गेली आणि दोन भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी सुटले. सरकारने त्या दोघांविरुद्ध अपील केलं, पण वरच्या दोन्ही न्यायालयांनी त्यांची सुटका कायम ठेवली. फाशी मात्र उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय या दोन्ही चाळण्यांतून जाऊन २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात दिली गेली.

हल्ल्याआधी मुंबईत येऊन ठिकाणांची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली शिकागोत पकडला गेला. मार्च २०१० मध्ये त्याने सर्व बारा आरोप मान्य केले. बदल्यात मिळालं ते असं : फाशी नाही आणि भारताकडे हस्तांतर नाही. त्याच्याविरुद्ध साक्षी-पुराव्याचा खटला उभाच राहिला नाही. जानेवारी २०१३ मध्ये त्याला पस्तीस वर्षांची शिक्षा झाली. मुंबईतल्या न्यायालयाने त्याची साक्ष नोंदवली ती फेब्रुवारी २०१६ मध्ये, व्हिडिओवरून, माफीचा साक्षीदार म्हणून. त्याचा मित्र तहव्वूर राणा मात्र लढला. २०११ मध्ये शिकागोच्या ज्युरीने त्याला लष्कर-ए-तैयबाला मदत केल्याबद्दल दोषी धरलं, पण मुंबई हल्ल्याच्या आरोपातून मोकळं केलं. कारण ज्युरीने दिलं नाही, द्यायचं नसतंच. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको, हा बचाव त्याने हस्तांतराविरुद्ध मांडला. भारतातले आरोप कायद्याने वेगळे आहेत, असं तिथल्या न्यायालयांनी ठरवल्यावर एप्रिल २०२५ मध्ये तो भारतात आणला गेला.

सौद्याची तरतूद २००६ पासून आपल्याकडेही आहे. पण ती सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती आहे आणि स्त्रियांवरच्या तसंच मुलांवरच्या गुन्ह्यांना लागू नाही. महामार्गावरच्या आपल्या पाच दरोडेखोरांना ती मिळणार नाही. आपलं दुखणं वेगळं आहे, उशिराचं. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे साधारण तीन जण अजून दोषी ठरलेलेच नाहीत, तारखांची वाट बघत आहेत.

म्हणून माझं मत विचाराल तर, अमेरिकेकडून ज्युरी आणण्याची गरज नाही आणि सौदा तर नकोच. घेण्यासारखी गोष्ट आहे ती हक्क तोंडावर सांगण्याची सवय. आपले हक्क माहीत नसलेल्या माणसाला ते असून नसल्यासारखेच. सर्वोच्च न्यायालयानेही कसाबच्याच निकालात, २०१२ मध्ये, मिरांडाचा नियम जसाच्या तसा घ्यायला नकार दिला. मात्र देशातल्या प्रत्येक मॅजिस्ट्रेटला बजावलं : आरोपी पहिल्यांदा समोर येईल तेव्हा त्याला वकिलाचा हक्क आहे हे सांगा आणि ऐपत नसेल तर वकील द्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्या एका वाहन अपघाताच्या प्रकरणात याच न्यायालयाने सांगितलं की, अटकेची कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायला हवीत.

तेव्हा घोटीतल्या कुणाच्या घरी अशी वेळ आली तर सिनेमातल्या वाक्याची वाट पाहू नका. अटकेचं कारण मराठीत लेखी मागा. नातेवाइकाला कळवायला सांगा. चोवीस तास मोजा. वकील परवडत नसेल तर इगतपुरीच्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. कोठडीत असलेल्या कुणालाही, त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो.