परदेशी पाहुण्यास काय सांगाल ?

अशी कल्पना करा कीं, बाजाराच्या दिवशीं सुरगाण्याच्या मोटारस्टँडावर पाठीशीं भलें मोठें ओझें घेतलेला एक परदेशी प्रवासी उतरला आहे. नाशिकहून घाटावळणें पार करून तो थकला आहे, आणि तुमचा शाळेचा गणवेष पाहून, ह्यास इंग्रजी समजत असेल अशा आशेनें तो नेमका तुमच्याकडेच येत आहे. तो विचारतो, "भिवतासचा धबधबा येथून किती दूर आहे ? आज जाऊन आजच परत येतां येईल काय ?" आतां तुम्ही त्यास काय उत्तर द्याल ?

पाहुण्याचा सत्कार करावा, हें आपण निबंधांत नेहमींच लिहितों. परंतु हार घालणें आणि चहा पाजणें एवढ्यानें सत्कार पुरा होत नाहीं. अनोळखी मुलुखांत आलेल्या माणसास सर्वांत अधिक गरज असते ती खऱ्या माहितीची. ती कशी द्यावी, ह्याचा विचार ह्या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम आपला देश केवढा आहे तें पाहूं. उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर, पूर्व-पश्चिम रुंदी २,९३३ किलोमीटर. २८ राज्यें, ८ केंद्रशासित प्रदेश, आणि राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत नोंदलेल्या २२ भाषा. घड्याळ सर्वत्र एकच. तरी अरुणाचलांत सूर्य गुजराथेपेक्षां सुमारें दोन तास आधीं उगवतो. एवढ्या देशांत आलेल्या पाहुण्याच्या हातून पहिली चूक होते ती ही, कीं एका ठिकाणीं जें शिकला तेंच तो सर्व देशास लागू करतो. आपल्याकडे पावसाळा जून ते सप्टेंबर. पण तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस पडतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या महिन्यांत. लडाख तर पर्वतांच्या आडोशाला असल्यामुळें पावसाळ्यांतही बहुतेक कोरडाच राहतो, आणि प्रवासी तेथें जातात ते उन्हाळ्यांत. म्हणून "हिंदुस्थानांत केव्हां यावें ?" असें कोणी विचारल्यास, "जावयाचें कोठें ?" असा उलट प्रश्न आपण आधीं करावा.

ह्याचा दाखला पाहण्यास दूर जावयास नको. हातगड किल्ला आपल्या तालुक्यांत आहे. तेथून थोड्याच अंतरावरील सापुतारा मात्र गुजराथच्या डांग जिल्ह्यांत. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र व गुजराथ हीं निरनिराळीं राज्यें झालीं, आणि मधली ही रेघ राज्यांची सीमा बनली. ती ओलांडतांच पाट्यांवरील लिपि बदलते. गुजराथेंत दारूबंदी असल्यामुळें, इकडे रीतसर विकत घेतलेली बाटली तिकडे परवान्यावांचून जवळ बाळगणें हा गुन्हा ठरतो. परदेशी माणसासही ह्यांत सूट नाहीं. पण माणसें कांहीं त्या रेघेवर बदलत नाहींत. दोन्हीकडे कोकणा व वारली लोकांचीं घरें, दोन्हीकडे नागलीची भाकर, आणि सोयरिकीही ह्या बाजूच्या त्या बाजूस. कायदा रेघेवर बदलतो, चालरीत हळूहळू बदलते. एवढें पाहुण्यानें ध्यानांत ठेविलें तर त्याचे पुष्कळ घोटाळे टळतील.

ह्या बाबतींत एका जुन्या प्रवाशाची हकीकत बोधप्रद आहे. रशियांतील त्वेर शहराचा अफनासी निकितिन नांवाचा व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, म्हणजे वास्को द गामा येण्याच्या पुष्कळ आधीं, चौल बंदरीं उतरला आणि घाट चढून जुन्नरास आला. विकण्यासाठीं त्यानें एक उमदा घोडा आणला होता. इतक्यांत पावसाळा सुरू झाला आणि त्यास जुन्नरास अडकून पडावें लागलें. चार महिने पाऊस आणि चिखल ह्यांचें वर्णन त्यानें करून ठेविलें आहे. तेथील खानानें त्याचा घोडा हिरावून घेतला व धर्म बदलण्याची अट घातली. खोरासानच्या एका अधिकाऱ्यानें रदबदली केली तेव्हां कोठें त्याची सुटका झाली. आपण जेथें जावें तेथें गोरा माणूस पाहण्यास लोकांची गर्दी पाठीस लागते, असेंही तो लिहितो. पाऊस, सत्ताधारी आणि बघे, ह्या तिहींची माहिती त्यास आधीं देणारा कोणी असता तर ! आज ती देणें तुमच्या हातीं आहे. म्हणून पुढील गोष्टी नीट ध्यानांत ठेवा.

पहिली गोष्ट पाण्याची. आपले धबधबे पावसाळ्यांत शोभतात, आणि त्याच दिवसांत ते घातकही असतात. डोक्यावर ऊन असलें तरी वरच्या डोंगरांत पाऊस झाला कीं, नार-पारसारख्या नद्यांस पाहतां पाहतां लोंढा येतो. फरशीवरून पाणी वाहत असेल तर थांबावें. धबधब्याखालच्या डोहांत उतरूं नये. उलट एप्रिल-मे महिन्यांत कित्येक पाड्यांवर पाण्याची टंचाई असते. ज्या घरची माउली डोईवर हंडा घेऊन टेकडी चढून येते, तिच्या घरीं पाहुण्यानें आंघोळीस पाणी मागूं नये; आपलें पिण्याचें पाणी बरोबर आणावें. कोणतेंही पाणी उकळलेलें असल्याशिवाय पिऊं नये, आणि अन्न ऊन-ऊन असतांनाच खावें.

दुसरी गोष्ट अंतराची. घाटांत किलोमीटर मोजूं नयेत, तास मोजावे. परतीची शेवटची गाडी केव्हां, हें जाण्यापूर्वीं विचारावें.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. परदेशी माणसास मुक्कामास ठेवणाऱ्यानें त्याची नोंद चोवीस तासांच्या आंत सरकारास कळवावयाची असते. म्हणून लॉजवाल्यानें पासपोर्ट मागितला तर पाहुण्यानें राग मानूं नये. अरुणाचलासारख्या सीमेवरील कांहीं प्रदेशांत जाण्यास निराळा परवाना लागतो. उपग्रहावरून चालणारा फोन परवानगीवांचून ह्या देशांत आणणें हा गुन्हा आहे. पुष्कळ गिर्यारोहकांस हें ठाऊक नसतें.

चौथी गोष्ट पैशांची. आज आपल्या बाजारांत भाजीवालीही फोनवरून पैसे घेते. परंतु परदेशी प्रवाशाच्या फोनवर ती सोय असेलच असें नाहीं, आणि दरीखोऱ्यांत फोन लागेलच असेंही नाहीं. त्यानें दहा-वीस-पन्नासाच्या सुट्या नोटा जवळ ठेवाव्या.

पांचवी गोष्ट मर्यादेची. डोंगऱ्या देवाचा उत्सव किंवा बोहाडा हा लोकांच्या श्रद्धेचा भाग आहे, प्रवाशांसाठीं मांडलेला तमाशा नव्हे. विचारल्यावांचून कोणाचें छायाचित्र काढूं नये, आणि घरांत शिरण्यापूर्वीं जोडे बाहेर काढावे. लहान मुलांस पैसे वाटूं नयेत. त्यामुळें मुलें हात पसरावयास शिकतात. मदत करावयाची असेल तर ती शाळेच्या द्वारें करावी.

सहावी गोष्ट संकटाची. कोणत्याही संकटांत ११२, रुग्णवाहिकेसाठीं १०८, आणि परदेशी भाषांतून माहिती हवी असल्यास १३६३, हे क्रमांक पाहुण्यास लिहून द्यावे. सर्पदंश झाल्यास जखम कापूं नये, आवळून बांधूं नये; माणसास हलूं न देतां ताबडतोब सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयांत न्यावें. रानांत जाण्यापूर्वीं आपण कोठें चाललों हें कोणास तरी सांगून जावें.

हें झालें पाहुण्याचें कर्तव्य. आतां आपलें ! आपल्याकडे एक गोड खोड आहे. वाटसरूनें गांव किती दूर म्हणून विचारलें, कीं आपण म्हणतों, "हें काय, जवळच !" मग ते दोन कोस कां असेनात. वाट ठाऊक नसली तरी "नाहीं" म्हणणें आपणांस अवघड वाटतें, आणि आपण कोठें तरी बोट दाखवितों. मनांत कपट नसतें. पाहुण्याचें मन मोडूं नये एवढाच हेतु असतो. परंतु त्या गोड शब्दावर विसंबून निघालेला परका माणूस अंधार पडतां पडतां ओढ्याच्या काठीं एकटा उभा राहिला, तर त्याचा दोष कोणावर ? "मला ठाऊक नाहीं, चला, आपण मोटारीच्या कंडक्टरकाकांस विचारूं," असें म्हणणें हा अधिक मोठा सत्कार आहे. तसेंच त्याच्याभोंवतीं गर्दी करूं नये. एकानें बोलावें, बाकीच्यांनीं वाट द्यावी.

इसवी सन ६४१ च्या सुमारास ह्युएन त्संग हा चिनी यात्रेकरू महाराष्ट्रांत आला होता. येथील लोक मानी आहेत, पण केलेला उपकार विसरत नाहींत, असा अभिप्राय त्यानें लिहून ठेविला. तेराशें वर्षें होऊन गेलीं, तरी त्या अभिप्रायाचा आपणांस अभिमान वाटतो. मोटारस्टँडावरील तो प्रवासीही घरीं गेल्यावर आपल्याविषयीं कांहीं तरी सांगेल, आणि तें तुमच्या एका उत्तरावर अवलंबून राहील.

घरीं करावयाचा अभ्यास : वडील माणसांस विचारून एका कागदावर लिहून काढा : आपल्या गांवाहून शेवटची गाडी किती वाजतां सुटते, कोणता ओढा कोणत्या महिन्यांत ओलांडतां येत नाहीं, पिण्याचें चांगलें पाणी कोठें मिळतें, आणि रात्रीं कोणी आजारी पडल्यास कोणास हांक मारावी. तो कागद परक्या पाहुण्याच्या तर उपयोगी पडेलच. पण कदाचित् एखाद्या रात्रीं तुमच्या स्वतःच्या घरींही उपयोगी पडेल.