आधी हाताने मोजावे

प्राणिमात्रांचा जनुकलेख ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहितात. १९७७ साली फ्रेडरिक सँगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचलेल्या फाय-एक्स १७४ या विषाणूच्या लेखात अक्षरे अवघी ५,३८६. मनुष्याच्या लेखात सुमारे ३ अब्ज! ती मोजण्यास संगणकच हवा.

आम्ही पायथन भाषा शिकू लागलो, तेव्हा 'जी' व 'सी' मोजण्याची आज्ञा लिहिली. उत्तर क्षणार्धात आले, परंतु चुकीचे. लेखातील पुनरावृत्त भाग लहान इंग्रजी अक्षरांत होते आणि आम्ही केवळ मोठीच मोजविली होती. यंत्राने चकार शब्द काढला नाही. वीस अक्षरांचा एक तुकडा हाताने मोजला, तेव्हा चूक उमगली. म्हणून पडताळा पाहण्याचा आळस कधीही करू नये.