वापरलेलं टिकतं

प्रत्येक घरात दोन तऱ्हेच्या वस्तू असतात. काही रोज हाताखालच्या, काही जपून ठेवलेल्या. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात जपून ठेवलेल्या वस्तूंचा मान मोठा होता. शाळेतली नोकरी संपली, हाताशी निवांत वेळ आला, तेव्हा मी एकेक वस्तू बाहेर काढून पाहू लागले. रोज राबलेल्या वस्तू धडधाकट होत्या आणि कपाटातल्या खंगल्या होत्या. सवयींचं आणि नात्यांचंही मला तसंच दिसलं. त्यातून जे उमजलं, ते क्रमाने सांगते.

१. हात रोज फिरला पाहिजे.

आमचा बिडाचा तवा सासूबाईंच्या वेळचा. बीड मुळात खरखरीत. तापल्या तव्यावर तेल फिरलं की त्याचा पातळ थर त्यावर घट्ट बसतो. असे थर साठत गेले की तवा काळाभोर आणि गुळगुळीत होतो. अर्धा कांदा देठाकडून धरायचा, तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा, चर्र आवाज आला की घावनाचं पीठ ओतायचं आणि झाकण ठेवायचं. कडा आपोआप सुटू लागल्या की उलथणं अलगद आत जातं. हा गुळगुळीतपणा विकत आणता येत नाही, तो रोजच्या न्याहारीने येतो. तोच तवा पावसाळ्यात नुसता फडताळात ठेवला तर त्याला गंज चढतो. करणाऱ्या हाताचंही हेच आहे. पीठ किती सरसरीत हवं, हे हाताला रोज केल्यानेच कळतं. सणासुदीलाच करायचं ठरवलं तर दरवेळी नव्याने शिकावं लागतं.

२. रोज चार ओळी लिहाव्यात.

शाईपेन भरून ठेवलं आणि लिहिलं नाही, तर निबेत शाई सुकते. मग कोमट पाण्यात निब भिजवत बसावं लागतं. १९३१ साली दांडेकर बंधूंनी शाईचा उद्योग सुरू केला, तो पुढे ‘कॅम्लिन’ म्हणून घराघरांत पोहोचला. आमच्या पिढीची बोटं त्याच शाईने निळी झाली. रात्री जेवणं आटोपली की मी जमाखर्चाच्या वहीत चार ओळी लिहिते. भाजीचा भाव, कोण आलं-गेलं, पाऊस पडला की नाही, एवढंच. काही वर्षांनी उघडून पाहिलं तर त्या ओळींत अख्खं घर सापडतं. मोठं काही सुचेल तेव्हा लिहू म्हणणाऱ्याची वही कोरी राहते.

३. आवडीला वेळ ठरवून द्यावी.

सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या लागत. सुधा नरवणे यांचा आवाज आला की आंघोळी उरकलेल्या असाव्यात, असा घराचा शिरस्ता होता. आई ‘गीतरामायणा’च्या आठवणी सांगायची. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत आणि आठवड्याला एक नवं गीत, अशी एकूण ५६ गीतं. आठवडाभर वाट पाहून ऐकलेलं गीत त्या पिढीच्या मनात कायमचं राहिलं. आज हवं ते गाणं हवं तेव्हा वाजतं, ही मोठी सोय आहे. तरी मी माझी वेळ सोडलेली नाही. ठरल्या वेळी कान आपोआप ऐकायला बसतो. नाहीतर ‘सवडीने ऐकू’ म्हणता म्हणता आवड नुसती सांगण्यापुरती उरते.

४. ठेवणीतलं बाहेर काढावं.

येवल्याच्या पैठणीवर महिनोन् महिने काम झालेलं असतं. पदरावरचे मोर, काठाची नारळी वीण, सगळं हातमागावरचं. अशी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवली की नेमकी घडीवर विरते आणि जर काळवंडते. म्हणून ती मलमलीच्या कापडात गुंडाळावी, अधूनमधून सावलीत वारा द्यावा, घडी बदलावी, हे सगळं खरं. पण सर्वांत चांगला उपाय म्हणजे ती नेसणं. मी आता पैठणीसाठी लग्नकार्याची वाट पाहत नाही. मैत्रिणीच्या घरच्या हळदीकुंकवाला नेसून जाते. ज्या हातांनी ती विणली, त्यांचा मान साडी अंगावर असतानाच होतो.

५. झिजण्याला भिऊ नये.

हे मला मिरजेने शिकवलं. सांगलीहून मिरज हाकेच्या अंतरावर. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी तिथे एकोणिसाव्या शतकात वाद्यं घडवायला घेतली. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब तिथे राहिले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूरकडचे भोपळे वाळवून, कोरून तिथे तंबोरे घडतात.

आईचा तंबोरा खुंटीवर गवसणीत होता. तारा गंजलेल्या, खुंट्या सैल झालेल्या, जवारी बसलेली. कारागिराने तो मांडीवर घेतला आणि आधी घोडी पाहिली. तारा घोडीवर घासत राहतात, तिथे बारीक खाचा पडतात आणि स्वर बोथट होतो. त्याने कानशीने घोडीचा पृष्ठभाग, म्हणजे जवारी, हलक्या हाताने घासला, तार चढवली, छेडली, पुन्हा घासला. मग तारेखाली सुताचा धागा सरकवला. धागा केसभर पुढे गेला आणि बसका आवाज एकदम उघडला, खोलीभर पसरला. तो म्हणाला, “वाजवून झिजलेली जवारी मी कितीदाही काढून देईन. न वाजवता भोपळ्याला कीड लागली, तर मला काही करता येत नाही.”

ते वाक्य मी गाठीला बांधलं. वापराने वस्तू झिजते हे कोण नाकारेल? पण ती झीज दिसते, हाताला लागते, म्हणून वेळेवर दुरुस्त करता येते. पडून राहिलेली वस्तू आतल्या आत जाते, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. वय झालं म्हणून चालणं, गाणं, वाचणं कमी करू पाहणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगते.

६. क्षुल्लक बातम्या कळवाव्यात.

थोरली बहीण लग्न होऊन बेळगावला गेली. आमच्यात पोस्टकार्डं चालत. उघडं कार्ड, जागा थोडी, त्यामुळे मजकूर साधाच असे. “लोणचं मुरलं. अंगणातला पारिजातक फुलला. आक्कीचा दात पडला.” त्या बातम्यांवर नातं उभं राहिलं. एकमेकींचे रोजचे दिवस ठाऊक असल्यामुळे कठीण प्रसंगी नव्याने काही समजावून सांगावं लागलं नाही. आता कार्डाच्या जागी फोन आहे, पण बोलतो ते लोणच्याबद्दलच. मोठ्या बातमीची वाट पाहणारी नाती मी अबोल होताना पाहिली आहेत.

७. वस्तू जाते, वळण आपल्याबरोबर येतं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. रेडिओ गेला, पुस्तकांचे गठ्ठे फुगून लगदा झाले. जमाखर्चाच्या जुन्या वह्याही गेल्या आणि त्यांचं दुःख मला आजही आहे. आम्ही मिरजेला नातलगांकडे राहिलो. तिथे पहिल्याच सकाळी सातच्या सुमाराला मी फोनवर आकाशवाणी लावली आणि भाचीकडून कागद मागून रात्री चार ओळी लिहिल्या. सभोवार सगळं विस्कटलेलं असताना त्या दोन गोष्टींनी दिवसाला आकार दिला. पाणी ओसरल्यावर चिखलातून तवाही निघाला. घासला, तापवला, तेल दिलं, पुन्हा तापवलं. काही दिवसांत घावनाच्या कडा पूर्वीसारख्या सुटू लागल्या.

८. आपल्या हाताने द्यावं.

माझा गळा आता साथ देत नाही. म्हणून तंबोरा मी मिरजेत गाणं शिकणाऱ्या एका मुलीला दिला. घरात कुणी तरी पुढेमागे गाईल म्हणून ठेवा, असं काहींनी सुचवलं. पण ‘पुढेमागे’साठी ठेवलेल्या वस्तूंचं काय होतं, ते मी आमच्या कपाटात पाहिलं होतं. ती मुलगी पहाटे रियाज करते. नातीला मी घावनं शिकवते आहे. तवा तिचा होईल, पण आधी हात तयार झाला पाहिजे. आपल्या मागे वाटणी होईल तेव्हा वस्तू मिळेल, पण तिची राखण कशी करायची हे सांगणारं माणूस नसेल. म्हणून आपण असतानाच, वापरणाऱ्याच्या हातात, वापरण्याच्या रीतीसकट आवडीची वस्तू द्यावी. जपणं मी यालाच म्हणते.