मागच्या स्प्रिंगांचे काम घरच्या अंगणात

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत लहान मोटारगाडी केवळ माणसांची ने-आण करणारी वस्तू राहिलेली नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट पोहोचवणे, मंचरहून खताच्या गोण्या घरी आणणे आणि त्याच गाडीने रोज नोकरीचे गाव गाठणे, अशी दुहेरी कामे हॅचबॅक गाड्यांनाही करावी लागतात. या ओढाताणीचा पहिला परिणाम गाडीच्या मागच्या कॉइल स्प्रिंगांवर, म्हणजे पोलादी सळई वेढ्यावेढ्यांनी वळवून केलेल्या स्प्रिंगांवर होतो, आणि त्या बदलण्याचे काम अनेक गाड्यांच्या बाबतीत घरच्या अंगणात करता येण्याजोगे असते. ते कोणत्या अटींवर करावे आणि केव्हा करू नये, हा पुढील संवादाचा विषय आहे. त्यातील निदेशकांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवला आहे, तर शिक्षिका मंचरहून घोडेगावमार्गे डिंभे धरणापलीकडच्या शाळेत स्वतःची गाडी चालवत जातात.

शिक्षिका: सर, गाडी रिकामी असली तरी मागून खाली बसल्यासारखी दिसते आणि भरलेली असली की गतिरोधकावर बूड घासते. शॉकअप गेले, असे गॅरेजमध्ये सांगितले गेले. दोष शॉकअपचा की स्प्रिंगचा, हे घरी ओळखता येते का?

निदेशक: येते, बाई, कारण दोघांची कामे वेगळी आहेत. गाडीचा भार स्प्रिंग पेलते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ज्याला सगळे शॉकअप म्हणतात, तो भार जवळजवळ पेलतच नाही. त्याच्या नळकांड्यात दट्ट्याला तेलातून वाट काढत सरकावे लागते आणि त्या विरोधामुळे स्प्रिंगची उसळी लवकर शमते. म्हणून गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडला असता ती एकदा वर येऊन थांबण्याऐवजी दोन-तीनदा डुलत राहिली, तर शॉकअप थकला असे समजावे. ती डुलत नाही पण उभी असतानाच खाली आहे, तर संशय स्प्रिंगवर घ्यावा. उंची डोळ्यांनी न ठरवता टेपने मोजावी. सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करून, चाकाच्या मध्यबिंदूपासून त्यावरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर दोन्ही बाजूंना घ्यावे आणि त्याच मॉडेलच्या धडधाकट गाडीशी ताडून पाहावे. दोन्ही बाजू सारख्याच खाली असतील तर स्प्रिंगा बसल्या आहेत. एकच बाजू खाली असेल, आणि खड्ड्यातून जाताना तिथून धातूवर धातू आपटल्याचा आवाज येत असेल, तर स्प्रिंग तुटलेली असण्याची शक्यता मोठी.

शिक्षिका: स्प्रिंग तुटली तर गाडी चालेल तरी कशी?

निदेशक: बहुतेक वेळा ती अगदी खालच्या वेढ्यात तुटते, आणि तुटलेला तुकडा बैठकीत, म्हणजे स्प्रिंगचे टोक ज्या वाटीत बसते तिथे, तसाच अडकून राहतो, त्यामुळे गाडी चालत राहते आणि तुटल्याचे महिनोन्‌महिने कळत नाही. खालचाच वेढा का, याचे उत्तर या भागातल्या पावसात आहे. माळशेजच्या किंवा भीमाशंकरच्या बाजूला चार महिने रस्त्यावरचा गाळ चाकांनी उडून त्या वाटीत साचतो, तो ओला राहतो, आणि त्यातली खडी वेढ्यावर घासून संरक्षक रंगाचा थर खरवडते. उघड्या पडलेल्या पोलादावर गंजाचा बारीक खळगा तयार झाला की दर खड्ड्यागणिक बसणारा ताण त्या खळग्याच्या टोकाशी एकवटतो आणि तिथून तडा पुढे सरकत जातो. वारंवार कमी-जास्त होणाऱ्या भाराने धातू असा हळूहळू तडकण्याला थकवा म्हणतात. तो टाळण्यासाठीच कारखान्यात तयार स्प्रिंगवर बारीक पोलादी छऱ्यांचा मारा करतात; त्यामुळे पृष्ठभाग दाबलेल्या स्थितीत राहतो आणि तडा सहजी उघडत नाही. गंजाचा खळगा मात्र तो दाबलेला थर ओलांडून आत जातो.

शिक्षिका: आणि न तुटता नुसती बसलेली स्प्रिंग? ती मऊ झालेली असते का?

निदेशक: हा समज फार पसरलेला आहे, पण तो बरोबर नाही. स्प्रिंगवरचा भार आणि तिचे दबणे यांचे प्रमाण कायम राहते, हा रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये छापून प्रसिद्ध केलेला नियम शाळेतही शिकवला जातो. त्या प्रमाणाला स्प्रिंगची ताठरता म्हणतात. कॉइल स्प्रिंग दाबली जाते तेव्हा तिची सळई वाकत नाही, मुख्यतः पिळली जाते. म्हणून तिची ताठरता चार गोष्टींवर ठरते: सळईची जाडी, वेढ्याचा व्यास, काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या आणि पिळाला विरोध करण्याचा पोलादाचा अंगभूत गुण. त्यांत जाडीचा प्रभाव सर्वाधिक, कारण ताठरता जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलते. जाडी १० टक्क्यांनी कमी असेल तर ताठरता सुमारे एक तृतीयांशाने कमी भरते. पण वापराने यांतले काहीच फारसे बदलत नाही आणि पोलादाचा तो गुण वयानुसार उतरत नाही. बदलते ती स्प्रिंगची मोकळी लांबी. पेलण्याच्या मर्यादेजवळचा ताण वर्षानुवर्षे सोसल्यावर सळईत थोडा कायमचा पीळ उरतो. म्हणजे बसलेली स्प्रिंग मऊ झालेली नसते, बुटकी झालेली असते.

शिक्षिका: मग क्रेटचा भार त्यात किती भर घालतो?

निदेशक: हिशेब मांडून पाहू. समजा, एका स्प्रिंगला १ मिलिमीटर दाबायला २५ न्यूटन, म्हणजे साधारण अडीच किलोचा भार लागतो, आणि मागच्या प्रत्येक चाकावर २५० किलो वजन येते. तर स्प्रिंग मुळातच सुमारे १०० मिलिमीटर दबलेली असते. नारायणगावला टोमॅटोचा क्रेट २० किलोंचा धरतात. असे ५ क्रेट डिकीत ठेवले की १०० किलो, दोन स्प्रिंगांवर निदान ५०-५० किलो, म्हणजे आणखी २० मिलिमीटर. त्यात बाहेरून सीएनजीची टाकी बसवलेली असेल तर तिचे ओझे क्रेटसारखे संध्याकाळी उतरत नाही. ६० किलोंच्या आसपासची पोलादी टाकी अहोरात्र मागे बसून राहते. कंपनीतूनच सीएनजी बसवून येणाऱ्या गाड्यांच्या मागच्या स्प्रिंगांची रचना ते वजन धरून केलेली असते. मागाहून टाकी बसवलेल्या गाडीत स्प्रिंगा पेट्रोलच्याच राहतात.

शिक्षिका: दुकानदार वेढ्यांच्या मध्ये बसवायचे रबरी बफर देतात. स्वस्तही पडतात.

निदेशक: गाडी वर उचललेली दिसते हे खरे, पण ते लावू नयेत. बफर ज्या दोन वेढ्यांमध्ये बसतो ते काम करणे जवळजवळ थांबवतात, म्हणजे काम करणारे वेढे कमी होतात आणि स्प्रिंग ताठर होते. चाक खड्ड्यातून तेवढेच वर-खाली होते, पण तो सगळा पीळ उरलेल्या वेढ्यांना वाटून घ्यावा लागतो, शिवाय बफरच्या कडेखाली ओल आणि माती धरून राहते. बुटक्या झालेल्या स्प्रिंगला पूर्वीची उंची देण्याचे प्रयोगही तितकेच घातक आहेत. ट्रकच्या, किंवा अ‍ॅम्बॅसिडर आणि पद्मिनी या जुन्या गाड्यांच्या मागे असणाऱ्या पाट्यांना, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगला, कमान मारून पुन्हा उंच करतात. ते पाहून कॉइल स्प्रिंगही तापवून ताणावी असे एखाद्याला वाटते. पण गॅसच्या ज्योतीने तापवलेल्या जागी पोलादाला कारखान्यात दिलेले पाणी उतरते आणि ती जागा एकतर लवकर बसते किंवा तुटते. त्याच मॉडेलची, त्याच क्रमांकाची नवी जोडी हाच उपाय आहे. जोडी म्हणायचे कारण असे, की एकीकडे नवी आणि दुसरीकडे बसलेली स्प्रिंग ठेवली तर गाडी कलती राहते. जास्त उंच किंवा वेगळ्या गाडीच्या स्प्रिंगा बसवण्याला कायद्याचीही हरकत आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीकृत वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल करू देत नाही.

शिक्षिका: हे काम घरी करण्यातला खरा धोका कोणता?

निदेशक: दबलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा. मघाच्याच आकड्यांनी, १०० मिलिमीटर दबलेल्या स्प्रिंगमध्ये १२५ ज्यूल ऊर्जा असते. सुमारे १३ किलोंचा दगड १ मीटर उंचीवरून पडताना जेवढी मिळेल तेवढी. ती एका क्षणात सुटली तर हाताची बोटे किंवा जबडा वाचत नाही. म्हणून सर्वांत आधी गाडीखाली पाहून रचना ओळखावी. काही गाड्यांत मागची स्प्रिंग शॉकअपच्या भोवतीच असते. ती दाबून धरणाऱ्या साधनाशिवाय उघडता येत नाही आणि ते काम घरी करू नये, शॉकअपच्या वरचा मधला नट तर कधीच सोडू नये. परंतु अनेक हॅचबॅक गाड्यांत स्प्रिंग आणि शॉकअप शेजारी शेजारी वेगळे असतात आणि दोन्ही चाके एका आडव्या पोलादी दांडीने जोडलेली असतात. तिथे दांडी पुरेशी खाली उतरवली की स्प्रिंग पूर्ण मोकळी होऊन हाताने निघते. घरी करण्याजोगे काम ते हेच.

शिक्षिका: क्रम कसा ठेवावा?

निदेशक: जागेपासून सुरुवात करावी. मुरमाच्या किंवा शेणाने सारवलेल्या अंगणात जॅक रुततो. सिमेंटचा कोबा किंवा फरशीची सपाट जागा हवी. आदल्या दिवशी शॉकअपच्या खालच्या बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. नंतर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते: हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना लागतो, आणि तीच चाके अधांतरी असणार असल्यामुळे त्याचा काही उपयोग नसतो, गाडीला धरून ठेवतात ते फक्त ठोकळे आणि गिअर. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच थोडे सैल करावेत, मग गाडी उचलून तिच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी दोन जॅक स्टँड लावावेत. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे वापरू नयेत, कारण ते वाकत नाहीत, इशारा न देता फुटतात. गाडीबरोबर आलेला जॅक पंक्चर काढण्यापुरता असतो. त्याच्या एकट्याच्या भरवशावर गाडीखाली हातही घालू नये.

शिक्षिका: म्हणजे जॅक दोन लागतील?

निदेशक: स्वतःला चाके असलेला एक मजबूत जॅक पुरतो, कारण गाडी स्टँडवर टेकली की तो मोकळा होतो आणि दांडीखाली येतो. हा टप्पा नीट समजून घ्यावा. चाक लोंबकळत असताना दांडीला आणखी खाली जाऊ न देणारा भाग शॉकअपच असतो. तेव्हा दांडीला जॅकचा आधार न देता त्याचा बोल्ट काढला तर दांडी स्प्रिंगच्या जोरासह खाली झेपावते. आधार देऊन दोन्ही बाजूंचे खालचे बोल्ट काढावेत आणि जॅक अगदी सावकाश उतरवत दर दोन बोटांच्या अंतराला थांबून ब्रेकचा रबरी पाइप, हँडब्रेकची केबल आणि असल्यास एबीएसची वायर पाहावी. पाइप ताणला जात असेल तर तो ज्या क्लिपने धरला आहे ती सोडवावी. दांडीचा भार पाइपवर येऊ देऊ नये. काही गाड्यांत दांडीला गाडीशी जोडणारा एक तिरका दांडा असतो, त्याचेही एक टोक सोडावे लागते. स्प्रिंग हातात सैल लागली की ती काढावी आणि नव्या शेजारी उभी करावी. बसलेल्या स्प्रिंगचा बुटकेपणा तेव्हा स्पष्ट दिसतो.

शिक्षिका: नवी बसवताना वर-खाली काही असते का?

निदेशक: असते. स्प्रिंगवरचे रंगाचे ठिपके तिची भारक्षमता दाखवतात, दोन्ही बाजूंना ते सारखेच असावेत. वाटीतला गाळ घासून काढावा, वरच्या टोकाचे रबर चिरले असेल तर बदलावे, आणि खालचे टोक वाटीतल्या पायरीला टेकेल असे स्प्रिंग फिरवावे. ते पायरीवर चढून बसले तर गाडी काही मिलिमीटर उंच राहते आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात स्प्रिंग फिरून खटका देते. मग दांडी उचलून बोल्ट घालावेत, परंतु ते तेव्हाच पूर्ण आवळू नयेत. त्यांच्या भोवती रबरी बुश असतात. चाक लोंबकळलेले असताना आवळले तर रबर त्या स्थितीत जखडते आणि गाडी जमिनीवर आली की कायम पिळलेले राहून लवकर फाटते. चाके लावून गाडी जमिनीवर उतरवावी, दोन-तीनदा दाबून सोडावी आणि मगच बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळावेत.

शिक्षिका: त्याच दिवशी डिंभ्याकडे निघाले तर चालेल?

निदेशक: आधी गावातच फेरी मारून खालून आवाज येत नाही ना, ते ऐकावे, उंची पुन्हा मोजावी, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट तपासावेत. हेडलाइटही पाहावेत, कारण गाडी मागून बसलेली असताना त्यांचा झोत वर जातो आणि पुणे-नाशिक रस्त्यावर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो. त्या काळात कोणी झोत खाली करून दिला असेल तर आता तो जरुरीपेक्षा खाली पडेल.

शिक्षिका: आणि क्रेट? ते तर न्यावेच लागतील.

निदेशक: न्यावेत, पण गाडीच्या ठरलेल्या भारमर्यादेत, आणि कुठे ठेवायचे ते ठरवून. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २.४ मीटर धरले आणि १०० किलो ओझे मागच्या चाकांच्या ४० सेंटिमीटर मागे, डिकीच्या टोकाला ठेवले, तर मागच्या चाकांवर १०० नव्हे, सुमारे ११७ किलो वाढतात आणि पुढची चाके तेवढ्याने, १७ किलोंनी हलकी होतात. तेच ओझे मागचे आसन दुमडून चाकांच्या ६० सेंटिमीटर पुढे ठेवले, तर मागच्या स्प्रिंगांच्या वाट्याला ७५ किलोच येतात. मात्र तिथे ते दोरीने घट्ट बांधावे लागते, कारण अचानक ब्रेक लागला की क्रेट सरळ चालकाच्या पाठीवर येतात.